लॉरिन हिल यांचा पहिला अल्बम : हिप-हॉपला मुख्य प्रवाहाचे दार कसे उघडले?

25 ऑगस्ट 1998 रोजी अमेरिकेत ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. 23 वर्षांच्या एका रॅपर-गायिकेचा तो पहिलाच एकल अल्बम होता. पहिल्या आठवड्यातच तो विक्रीत अग्रस्थानी पोहोचला आणि अवघ्या सहा महिन्यांत त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हिप-हॉप अल्बमला हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर हिल यांचा दुसरा एकल स्टुडिओ अल्बम आला नाही, तरीही या एका कृतीची चर्चा थांबलेली नाही. हे यश कशातून आले, त्याची किंमत कोणी मोजली आणि त्याच्या श्रेयाचा वाद न्यायालयापर्यंत का गेला, याचा हा आढावा.

लॉरिन हिल कोण?

हिल यांचा जन्म 26 मे 1975 रोजी न्यू जर्सी राज्यातील ईस्ट ऑरेंज येथे झाला. जवळच्याच साउथ ऑरेंजमध्ये त्या वाढल्या. मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलमध्ये शिकत असताना प्राझ मिशेल आणि वायक्लेफ जाँ यांच्यासह त्यांनी संगीतसमूह उभा केला. जाँ यांचा जन्म हैतीतला, तर मिशेल यांचे आईवडील हैतीहून आलेले. अमेरिकेत हैतीच्या निर्वासितांना ज्या शब्दाने हिणवले जाई, तोच शब्द अभिमानाने मिरवीत या तिघांनी आपल्या समूहाला ‘फ्यूजीज’ हे नाव दिले. हिल यांना अभिनयाचीही ओढ होती. 1993 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘सिस्टर ॲक्ट 2’ या चित्रपटातील विद्यार्थिनीच्या भूमिकेमुळे त्यांचा आवाज प्रथम मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचला.

फ्यूजीजचा 1994 मधील पहिला अल्बम फारसा चालला नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये आलेल्या ‘द स्कोअर’ या दुसऱ्या अल्बमने मात्र चित्र पालटले. तो अमेरिकेत अग्रस्थानी गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रॉबर्टा फ्लॅक यांनी 1973 मध्ये लोकप्रिय केलेले ‘किलिंग मी सॉफ्टली’ हे गीत हिल यांच्या आवाजात नव्याने जगभर गाजले. याच यशात समूहाच्या फुटीची बीजे होती. गाणाराही आणि रॅप करणाराही आवाज हिल यांचाच असताना समूहामागील सर्जनशील डोके दुसऱ्याच कोणाचे असावे, असा अनेकांचा समज होता. 1997 मध्ये जाँ यांनी स्वतःचा एकल अल्बम काढला आणि हिल यांनीही स्वतंत्र वाट धरली.

त्या वेळी हिप-हॉप कोठे उभे होते?

हिप-हॉपचा आरंभ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी झालेल्या एका घरगुती मेजवानीपासून मोजण्याची प्रथा आहे. डीजे कूल हर्क यांनी तेथे दोन तबकड्यांवरील ठेक्याचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून नाचणाऱ्यांना खिळवून ठेवले. त्या ठेक्यावर यमकबद्ध बोलणे म्हणजे रॅप. 1979 मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे गीत गाजले, तरी पुढील अनेक वर्षे ध्वनिमुद्रण कंपन्या या प्रकाराकडे काही दिवसांची हौस म्हणूनच पाहत होत्या. अमेरिकेतील मुख्य अल्बम यादीत प्रथमच अग्रस्थानी गेलेला रॅप अल्बम 1987 मध्ये ‘बीस्टी बॉईज’ या श्वेतवर्णीय त्रयीचा होता. 1990 मध्ये एम. सी. हॅमर यांचा अल्बम 21 आठवडे अग्रस्थानी राहिला, मात्र त्यांच्याकडे रॅपचे सौम्य, नृत्यप्रधान रूप म्हणूनच पाहिले गेले.

मे 1991 मध्ये घडलेला एक बदल वरवर तांत्रिक होता, पण त्याचे परिणाम दूरगामी ठरले. तोपर्यंत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची अल्बम यादी दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजांवर बेतलेली असे. त्या महिन्यापासून दुकानांच्या गल्ल्यावर बारकोड वाचून होणारी प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. दुकानदारांच्या अंदाजात दुय्यम ठरणारे रॅप आणि कंट्री हे दोन्ही प्रकार प्रत्यक्ष आकड्यांत एकाएकी वर आले. श्रोते आधीपासूनच होते, त्यांची मोजणी तेव्हा सुरू झाली.

1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॅप हा मोठा व्यवसाय झाला, पण त्याभोवती हिंसेची छाया होती. सप्टेंबर 1996 मध्ये तुपाक शकूर आणि मार्च 1997 मध्ये नोटोरियस बी.आय.जी. यांच्या हत्या झाल्या. स्त्री रॅपर्सची परंपराही तोवर उभी राहिली होती. 1988 मध्ये एम. सी. लाईट आणि 1989 मध्ये क्वीन लतीफा यांचे अल्बम आले, तर 1994 मध्ये दा ब्रॅट यांनी दहा लाख प्रतींचा टप्पा गाठला. तरीही स्त्री रॅपरकडे एक तर पुरुषी कणखरपणाची किंवा उघड शृंगारिकतेची अपेक्षा ठेवली जाई. आई होऊ घातलेल्या, प्रेम आणि श्रद्धेविषयी बोलू पाहणाऱ्या तरुण स्त्रीसाठी या व्यवसायात तयार जागा नव्हती.

शीर्षकाचा अर्थ काय?

‘मिसएज्युकेशन’ म्हणजे चुकीचे शिक्षण, दिशाभूल करणारे शिक्षण. या शब्दामागे कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर जी. वुडसन यांचे 1933 मधील ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ हे पुस्तक उभे आहे. हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणारे वुडसन हे दुसरे आफ्रिकन-अमेरिकन. आज अमेरिकेत फेब्रुवारीत पाळल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय इतिहास महिन्याची मुळे त्यांनी 1926 मध्ये सुरू केलेल्या इतिहास सप्ताहात आहेत. शाळेत गेलेल्या कृष्णवर्णीय मुलाला ती शाळा स्वतःलाच कमी लेखायला शिकवत असेल, तर त्या शिक्षणाने तो मुक्त होत नाही, अधिकच जखडला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. ज्ञान कोणाच्या हाती आहे आणि ते कोणाला काय शिकवते, हा प्रश्न त्यांनी वुडसन यांच्या साठ वर्षे आधी मांडला होता.

हिल यांनी वुडसन यांचा सामाजिक प्रश्न वैयक्तिक केला. शाळेने, समाजाने, प्रेमसंबंधांनी आणि प्रसिद्धीने आपल्याला जे शिकवले त्यातले खरे किती, असा हा प्रश्न आहे. मुखपृष्ठावर शाळेच्या लाकडी बाकावर कोरलेली हिल यांची प्रतिमा आहे. अल्बमची सुरुवात घंटेने आणि वर्गातील हजेरीने होते. शिक्षक एकेक नाव पुकारतात. लॉरिन हिल हे नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही. त्यानंतर गाण्यांच्या मधल्या जागांत शिक्षक आणि मुले ‘प्रेम म्हणजे काय’ यावर बोलत राहतात. वर्ग चालू आहे आणि विद्यार्थिनी बाहेर आयुष्याकडून शिकते आहे, अशी ही रचना आहे. शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा आहे. ते तेव्हा खरोखरच शिक्षक होते आणि पुढे 2014 मध्ये न्यूअर्क शहराचे महापौर झाले.

अल्बममध्ये नेमके काय आहे?

अल्बमचे काम 1997 च्या उत्तरार्धापासून 1998 च्या मध्यापर्यंत चालले. ध्वनिमुद्रण मुख्यतः न्यूयॉर्कमधील चुंग किंग स्टुडिओत आणि जमैकातील किंग्स्टन येथील टफ गाँग स्टुडिओत झाले. टफ गाँग हा बॉब मार्ली यांच्या परंपरेचा स्टुडिओ. मार्ली यांचे पुत्र रोहन हे त्या काळात हिल यांचे सहचर होते, त्यामुळे हा संबंध कौटुंबिकही होता.

संगीताच्या दृष्टीने या अल्बमचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे एकाच व्यक्तीचे गायन आणि रॅप. तोवरच्या रूढ पद्धतीत रॅपर कडवी बोले आणि ध्रुपदाला एखादी गायिका बोलावली जाई. हिल यांना अशा मदतीची गरज नव्हती. एकाच गीतात त्या बोलण्यातून सुरांत आणि सुरांतून पुन्हा बोलण्यात सहज जात. दुसरे वैशिष्ट्य वाद्यांचे. जुन्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे उचलून त्यांवर गीत बांधण्याच्या त्या काळच्या प्रचलित रीतीबरोबरच येथे गिटार, बास, ड्रम, ट्रम्पेट आणि तंतुवाद्ये प्रत्यक्ष वाजवून घेतली गेली. सोल, रेगे, गॉस्पेल आणि 1950 च्या दशकातील डू-वॉप यांचे संस्कार त्यातून स्पष्ट ऐकू येतात.

‘लॉस्ट वन्स’ हे जवळजवळ निखळ रॅप आहे. त्यातील जळजळीत फटकारे वायक्लेफ जाँ यांना उद्देशून असल्याचे सर्वत्र मानले गेले. ‘डू वॉप (दॅट थिंग)’ या गीताचे पहिले कडवे स्त्रियांना आणि दुसरे पुरुषांना सावध करते. क्षणिक मोहापायी आत्मसन्मान गहाण टाकू नका, असा त्याचा आशय आहे. दोघांनाही समान मापाने मोजल्यामुळे तो उपदेश कडवट होत नाही, आणि जुन्या धाटणीच्या सामूहिक स्वरांमुळे तो नाचतानाही ऐकता येतो. ‘एक्स-फॅक्टर’मध्ये तुटूनही न सुटणाऱ्या नात्याची वेदना आहे. ‘सुपरस्टार’ हे गीत कमाईसाठी बोथट झालेल्या हिप-हॉपची झाडाझडती घेते, तर ‘एव्हरी घेटो, एव्हरी सिटी’त न्यू जर्सीतील बालपणाच्या आठवणी आहेत.

अल्बमच्या केंद्रस्थानी मात्र ‘टू झायन’ हे गीत आहे. ऑगस्ट 1997 मध्ये हिल यांच्या पहिल्या मुलाचा जन्म झाला. त्याआधी, कारकीर्द ऐन भरात असताना मूल होऊ देऊ नये, असा सल्ला त्यांना मिळाला होता. तो न मानल्याची कहाणी या गीतात आहे आणि त्याला कार्लोस सँटाना यांच्या गिटारची साथ आहे. मातृत्वाचा निर्णय आणि व्यावसायिक हिशेब यांतील हा संघर्ष जगातील असंख्य नोकरदार स्त्रियांच्या परिचयाचा होता. रॅपच्या बाजारात त्याला त्याआधी इतक्या उघडपणे स्थान मिळाले नव्हते.

मुख्य प्रवाहाने अल्बम कसा स्वीकारला?

पहिल्या आठवड्यात अमेरिकेत अल्बमच्या सुमारे 4 लाख 22 हजार प्रती विकल्या गेल्या. महिला कलाकाराच्या पहिल्या आठवड्यातील विक्रीचा तो त्या वेळचा उच्चांक होता. या यशामागे कलागुणांइतकीच बाजाराची काही कारणेही होती.

पहिले कारण म्हणजे आधीच तयार असलेला श्रोतृवर्ग. ‘द स्कोअर’मुळे हिल यांचा आवाज रॅप न ऐकणाऱ्यांच्या घरांतही पोहोचला होता. दुसरे कारण आकाशवाणी केंद्रांच्या विभागणीचे. अमेरिकेतील खासगी रेडिओ केंद्रे श्रोत्यांच्या वयोगटानुसार आणि आवडीनुसार विभागलेली असत. निखळ रॅप वाजवणारे केंद्र वेगळे, प्रौढांसाठी सोल वाजवणारे वेगळे, पॉप वाजवणारे वेगळे. हिल यांचा अल्बम या तिन्ही ठिकाणी वाजू शकत होता. फ्रँकी व्हॅली यांच्या 1967 मधील ‘कान्ट टेक माय आइज ऑफ यू’ या गीताचे हिल यांनी केलेले नवे रूप तर अल्बमच्या शेवटी, मुखपृष्ठावर उल्लेख न करता ठेवलेले होते. स्वतंत्र एकल म्हणून ते बाजारात आले नव्हते, तरीही रेडिओवर ते भरपूर वाजले.

तिसरे कारण प्रकाशनाच्या वेळापत्रकाचे. डिसेंबर 1998 पर्यंत ‘बिलबोर्ड’च्या मुख्य गीतयादीत केवळ दुकानांत स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या गीतांनाच प्रवेश होता. याच नियमामुळे फ्यूजीजचे ‘किलिंग मी सॉफ्टली’ अमेरिकेत प्रचंड वाजूनही त्या यादीत येऊ शकले नव्हते. ‘डू वॉप’च्या बाबतीत कंपनीने रेडिओवरील मागणी आधी वाढू दिली आणि अल्बम येऊन दोन महिने उलटल्यावर गीत दुकानांत आणले. परिणामी नोव्हेंबर 1998 मध्ये ते यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. गीताची चित्रफीतही कल्पक होती. पडद्याच्या एका अर्ध्या भागात 1967 मधील आणि दुसऱ्या अर्ध्या भागात 1998 मधील रस्त्यावरची मेजवानी दिसते. 1999 मध्ये एमटीव्हीने तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रफितीचा पुरस्कार दिला.

चौथे कारण काळाचे. 1998 मध्ये अमेरिकेत रॅपच्या 8 कोटी 10 लाखांहून अधिक सीडी, कॅसेट आणि तबकड्या विकल्या गेल्या, तर तोवर आघाडीवर असलेल्या कंट्री संगीताच्या 7 कोटी 20 लाख. फेब्रुवारी 1999 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने हिप-हॉपने अमेरिका कशी बदलली यावर मुखपृष्ठकथा केली आणि मुखपृष्ठावर हिल यांचे छायाचित्र छापले. ग्राहकाने कौल दिलेला होता. प्रतिष्ठित वर्तुळांना हिप-हॉप निःसंकोचपणे स्वीकारता येईल असा चेहरा हवा होता, तो हिल यांच्या रूपाने मिळाला.

ग्रॅमीची रात्र निर्णायक का मानली जाते?

24 फेब्रुवारी 1999 रोजी झालेल्या 41 व्या ग्रॅमी सोहळ्यात हिल यांना 10 नामांकने होती. त्यांपैकी पाच पुरस्कार त्यांनी जिंकले. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम आणि सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार या दोन प्रमुख सन्मानांसह रिदम अँड ब्लूज विभागातील तीन पुरस्कार त्यांत होते. एकाच रात्री पाच ग्रॅमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्याआधीचा चार पुरस्कारांचा विक्रम कॅरोल किंग यांच्या नावावर 1972 पासून होता.

या यशाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. ग्रॅमीने रॅपसाठी स्वतंत्र पुरस्कार 1989 मध्ये सुरू केला, तेव्हा तो दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार नसल्याने अनेक रॅपर्सनी सोहळ्यावर बहिष्कार घातला होता. दहा वर्षांनंतरही हा दुरावा कायम होता. ज्या सोहळ्यात हिल यांचा गौरव झाला, त्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कार जे-झी यांना जाहीर झाला. रॅप कलाकारांना योग्य न्याय मिळत नाही या भूमिकेतून ते गैरहजर राहिले. हिल यांचा अल्बम तर रॅप विभागात गणला गेलाच नाही. त्याची नोंद रिदम अँड ब्लूजमध्ये झाली. हिप-हॉपसाठी दार उघडले, ते सुरेल गायनाच्या बाजूने उघडले, असे म्हणण्यास येथे जागा आहे. त्यानंतर वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान पुन्हा हिप-हॉपला मिळाला तो 2004 मध्ये, ‘आऊटकास्ट’ या जोडीला.

श्रेयाचा वाद काय होता?

अल्बमवर लेखन, संगीतरचना आणि निर्मिती यांचे श्रेय जवळजवळ संपूर्णपणे हिल यांना दिलेले आहे. नोव्हेंबर 1998 मध्ये, म्हणजे अल्बम यशाच्या शिखरावर असताना, ‘न्यू आर्क’ या नावाने काम करणाऱ्या चार संगीतकारांनी न्यायालयात धाव घेतली. अनेक गीतांच्या रचनेत आणि निर्मितीत आपला मोलाचा वाटा असून त्याचे श्रेय आणि मोबदला नाकारला गेला, असा त्यांचा दावा होता. अल्बमची दृष्टी आणि अंतिम निर्णय आपलेच होते, अशी हिल यांची बाजू होती. फेब्रुवारी 2001 मध्ये हा खटला न्यायालयाबाहेर मिटला. न्यायालयाचा निवाडा न आल्याने कोणत्या गीतात कोणाचा किती वाटा, हे कधीच अधिकृतपणे ठरले नाही.

हा वाद एका कलाकारापुरता मर्यादित नाही. गीतावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चाल यांच्या रचनेवरचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावरचा. चित्रकाराने रंगवलेले चित्र आणि त्याचे छापलेले कॅलेंडर यांच्या मालकीत असा फरक असतो, तसाच हा प्रकार. स्टुडिओत पाच-सहा जण एकत्र बसून काम करतात. एक जण ठेका धरतो, दुसरा स्वरांची मालिका सुचवतो, तिसरा ओळ बदलतो. त्यांतील कोण केवळ मानधनावर वाजवणारा आणि कोण रचनेचा भागीदार, हे लेखी ठरले नसेल, तर गीत पडल्यावर कोणी विचारत नाही आणि गाजल्यावर सगळेच विचारतात. हिप-हॉपमध्ये, जेथे ठेका हाच गीताचा कणा असतो, तेथे हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

त्याच वेळी या वादाला आणखी एक पदर आहे. पुरुष कलाकाराने संपूर्ण निर्मितीचे श्रेय घेतले तर त्याकडे प्रतिभेचे लक्षण म्हणून पाहिले जाते, स्त्रीने घेतले की तिच्यामागे कोण आहे याचा शोध सुरू होतो, असे हिल यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे होते. फ्यूजीजच्या काळातील अनुभव पाहता ही तक्रार निराधार नव्हती. परंतु त्यामुळे चार वादकांचा प्रश्न खोटा ठरत नाही. श्रेय नाकारले गेल्याची दोन्ही दुःखे एकाच अल्बमच्या पोटात आहेत.

भारतातील नव्या गायक-वादकांसाठी यात व्यावहारिक धडा आहे. 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर भारतीय प्रताधिकार कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा अबाधित केला आहे. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेवरील हा हक्क कायदेशीर वारस किंवा प्रताधिकार संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. मात्र हा लाभ रचनेचा कर्ता म्हणून ज्याचे नाव सिद्ध होते त्यालाच मिळतो. तालमीच्या खोलीत किंवा घरगुती स्टुडिओत मित्रांनी मिळून गीत बांधले, तर ते प्रसिद्ध करण्यापूर्वीच कोणाचा वाटा किती हे एका कागदावर लिहून सह्या करणे म्हणजे मैत्रीवर अविश्वास नव्हे.

यशानंतर काय झाले?

एवढ्या मोठ्या पदार्पणानंतर पुढच्या अल्बमची प्रतीक्षा स्वाभाविक होती. हिल मात्र हळूहळू सार्वजनिक जीवनापासून दूर गेल्या. जुलै 2001 मध्ये त्यांनी एमटीव्हीसाठी केवळ गिटारच्या साथीने नव्या गीतांचा कार्यक्रम केला आणि तो 2002 मध्ये अल्बमच्या रूपात आला. त्यातील अनलंकृत आवाज, मधली लांबलचक मनोगते आणि गाताना आलेले अश्रू यांनी श्रोते गोंधळले. काहींना त्यात प्रामाणिकपणा दिसला, काहींना विस्कटलेपण. नंतरच्या काळात मैफिलींना उशिरा येण्यावरून टीका झाली. 2013 मध्ये प्राप्तिकर न भरल्याच्या प्रकरणात त्यांना तीन महिन्यांचा तुरुंगवासही भोगावा लागला.

या घटनाक्रमाकडे केवळ अधःपतनाची कथा म्हणून पाहणे सोपे आहे. ज्या अल्बमने प्रसिद्धीच्या चक्राला प्रश्न विचारले, त्याच अल्बमने आपल्या कर्तीला त्या चक्राच्या केंद्रस्थानी नेऊन बसवले, ही त्यातील खरी गुंतागुंत आहे. वयाच्या 23 व्या वर्षी, पहिले मूल एक वर्षाचे आणि दुसरे काही महिन्यांत होणार असताना, एका तरुणीकडे संपूर्ण संगीतप्रकाराचे आणि समाजाचे प्रतिनिधित्व सोपवले गेले. ते ओझे तिने अखेरपर्यंत वाहावे, ही अपेक्षा श्रोत्यांची आणि बाजाराची होती.

आज या अल्बमचे स्थान काय?

मार्च 2015 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात जतन करावयाच्या कृतींत या अल्बमचा समावेश जाहीर केला. 2020 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने सर्वकालीन 500 अल्बमच्या सुधारित यादीत त्याला दहावे स्थान दिले. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेत त्याला एक कोटी प्रतींच्या बरोबरीचे ‘डायमंड’ प्रमाणपत्र मिळाले. स्त्री रॅपरच्या अल्बमसाठी तो पहिलाच प्रसंग होता. मे 2024 मध्ये ॲपल म्युझिकने आपल्या सर्वोत्कृष्ट शंभर अल्बमच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला. अशा याद्यांवर मतभेद असतातच, पण पाव शतकानंतरही एखादी कृती नव्या पिढीच्या कानांवर टिकून राहते, तेव्हा तिच्या यशाचे कारण केवळ जाहिरातीत शोधता येत नाही.

त्याचा प्रभाव नव्या गीतांतही ऐकू येतो. 2018 मध्ये ‘एक्स-फॅक्टर’चा तुकडा वापरून ड्रेक यांनी केलेले ‘नाइस फॉर व्हॉट’ हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी कार्डी बी यांनी आपल्या पहिल्या अल्बममधील ‘बी केअरफुल’ या गीतातही त्याच रचनेचा आधार घेतला. ‘एक्स-फॅक्टर’ स्वतःही वू-टँग क्लॅनच्या एका गीतावरून स्फुरलेले होते आणि त्या गीतात ग्लॅडिस नाइट यांच्या आवाजाचा तुकडा होता. हिप-हॉपची निर्मिती अशी एकमेकांच्या खांद्यावर उभी असते. म्हणूनच ड्रेक यांच्या त्या गीताच्या कर्त्यांची यादी लांबलचक आहे, आणि तीत लॉरिन हिल हे नाव आहे.